क्रिया आणि प्रतिक्रिया, दोन्ही मोजून दाखवा: एक गोटा, एक बरणी आणि दोन काटे

प्रत्येक क्रियेला समान व विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा तिसरा नियम नववीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो घडाघडा म्हणून दाखवील. मग एक साधा प्रश्न विचारा. माडावरून नारळ पडतो तेव्हा पृथ्वी त्याला खाली ओढते, तर या बलाची प्रतिक्रिया कुठे आहे? कोणी म्हणतं, हवेचा विरोध. कोणी म्हणतं, नारळ आपटल्यावर जमीन त्याला वर ढकलते ती. नारळही पृथ्वीला तेवढ्याच बलाने स्वतःकडे ओढत असतो, हे उत्तर क्वचितच येतं.

यात मुलांचा दोष नाही. हा नियम शिकवताना आपण बहुतेक वेळा फुगा सोडतो. फुगा सुर्रकन जातो, मुलं खूश होतात, तास संपतो. पण त्या प्रयोगात दोनपैकी एकच वस्तू डोळ्यांना दिसते. मागे गेलेली हवा दिसत नाही, तिच्यावरचं बल मोजता येत नाही, आणि ‘समान व विरुद्ध’ यातलं ‘समान’ हे मुलांनी केवळ आपल्या शब्दावर मानायचं असतं. माझं आग्रहाचं म्हणणं असं की या नियमाची सुरुवात दोन काट्यांनी करावी. क्रिया एका काट्यावर, प्रतिक्रिया दुसऱ्यावर, आणि दोन्ही आकडे मुलांनी एकाच क्षणी स्वतः वाचायचे. गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या आपल्या शाळांत पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्रजी पुस्तकाकडे येतात. नियमाचं इंग्रजी वाक्य त्यांना जड जातं, पण काट्यावरचा आकडा वाचायला कुठलीच भाषा आड येत नाही.

सामान

लागणारं बहुतेक सामान शाळेत किंवा घरात असतं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हवा, पाच किलोपर्यंतचा आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. प्रयोगशाळेतला एक किलोचा ताणकाटा (स्प्रिंग बॅलन्स) हवा. दोन मिळाले तर उत्तमच. दोन-अडीच लिटरची पारदर्शक, रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी. अर्ध्या किलोच्या आसपासचा नदीतला गुळगुळीत गोटा. आणि बांधायला तंगूस, म्हणजे गळाला लावतात ती नायलॉनची दोरी. सुती दोरा पाणी पितो आणि ओला झाल्यावर गाठ सैल पडते, म्हणून तो नको.

गोट्याऐवजी चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा घ्यायचा मोह होईल, कारण तो आपल्याकडे प्रत्येक आवारात पडलेला असतो. पहिल्या फेरीला तो घेऊ नका. चिरा सच्छिद्र असतो. पाण्यात गेल्यावर त्यातून बुडबुडे निघत राहतात, आत पाणी शिरतं आणि आकडे स्थिर होत नाहीत. शेवटी मात्र तो मुद्दाम वापरायचा आहे.

प्रवाशांच्या बॅगा तोलायचा डिजिटल हुकाचा काटा ताणकाट्याऐवजी चालेल का, असं शिक्षक विचारतात. त्यातले बरेचसे काटे एकदा आकडा स्थिर झाला की तोच धरून ठेवतात, पुढचा बदल दाखवत नाहीत. आपल्याला तर बदलच बघायचा आहे. साधा स्प्रिंगचा ताणकाटा बरा.

आधी दहा मिनिटं: दोन ताणकाटे

दोन ताणकाटे असतील तर त्यांचे हुक एकमेकांत अडकवा आणि दोन मुलांना टेबलावर आडवे धरून ओढायला सांगा. त्याआधी एक काम विसरू नका. ताणकाटा उभा धरून वापरण्यासाठी बनवलेला असतो. आडवा केला की हुकाचं वजन स्प्रिंगवर येत नाही आणि दर्शक शून्यावरून थोडा सरकतो. शून्य जुळवायचा स्क्रू असेल तर दोन्ही काटे आडवे ठेवूनच जुळवून घ्या, नसेल तर फरक लिहून ठेवून वजा करा. हे केलं नाही तर दोन काट्यांत दहा-वीस ग्रॅमचा फरक येतो आणि ‘समान नाहीतच’ असं म्हणायला वर्ग मोकळा होतो.

आता एका धडधाकट मुलाला आणि एका किरकोळ मुलीला काटे द्या. ओढण्याआधी वर्गाला विचारा, कुणाचा काटा जास्त दाखवील? हात वर होतात ते बहुतेक धडधाकट मुलासाठी. मग ओढू द्या. दोघांचा आकडा एकच. मुलीला सांगा, तू ओढू नकोस, नुसता काटा घट्ट धर. तरी आकडा एकच. शेवटी एक काटा खिडकीच्या गजाला अडकवा आणि दुसरा एकाच मुलाने ओढावा. गज काही ओढत नाही असं मुलांना ठामपणे वाटत असतं. गजाकडचा काटा तेवढाच आकडा दाखवतो तेव्हा निर्जीव वस्तूही बल लावते हे त्यांना पहिल्यांदा पटतं. इथे फार रेंगाळू नका. मुख्य काम पुढे आहे.

मुख्य प्रयोग: पाण्यातला गोटा

बरणीत साधारण निम्म्याहून थोडं जास्त पाणी भरा आणि ती वजनकाट्यावर ठेवा. काटा सपाट टेबलावर हवा. बरणीचं वजन शून्य करायचं बटण दाबू नका. स्वस्त काट्यांना एक खोड असते: शून्याजवळ असताना फार सावकाश वाढलेलं वजन ते चूक समजून पुन्हा शून्यच दाखवतात. पूर्ण आकडा ठेवून वजाबाकी मुलांकडून करून घेतलेली चांगली. काही काटे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात, तेव्हा बोलणं आधी संपवा आणि काटा मग सुरू करा.

गोट्याला तंगूस दोनदा आडवी-उभी गुंडाळून पक्की गाठ मारा आणि तो ताणकाट्याला टांगा. तंगूस निसरडी असते, म्हणून गाठ मारल्यावर टेबलाच्या वर चार बोटं धरून जोरात हिसका देऊन बघा.

आता दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. समजा, ताणकाटा ५४० ग्रॅम दाखवतो आणि खालचा वजनकाटा १२५० ग्रॅम. पुढे मी याच आकड्यांनी बोलतो. तुमचा गोटा वेगळा असेल तर आकडे वेगळे येतील, नातं तेच राहील.

यानंतर थांबा आणि प्रत्येकाला वहीत अंदाज लिहायला लावा. तोंडी विचारलं तर हुशार मुलाचं उत्तर सगळा वर्ग उचलतो. प्रश्न असा: गोटा ताणकाट्याला टांगलेलाच ठेवून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला किंवा बाजूला लागू दिला नाही, तर वरच्या काट्याचं काय होईल आणि खालच्या काट्याचं काय होईल? वरचा आकडा कमी होईल हे बरीच मुलं बरोबर सांगतात, कारण विहिरीत कळशी पाण्याखाली असताना हलकी लागते हे कुणी ना कुणी अनुभवलेलं असतं. खालच्या काट्याबद्दल मात्र वर्गात तट पडतात. ‘टीचर, गोटा दोरीनं धरलाय, बरणीला लागलाच नाही, मग काटा कसा हलेल?’ हा युक्तिवाद सर्वांत जोरदार असतो. दुसरा गट म्हणतो, गोटा पाण्यात गेला म्हणजे ५४० ग्रॅम वाढणार. दोन्ही बाजूंना बोलू द्या. या वादातली पाच मिनिटं पुढच्या तासभराच्या समजावण्यापेक्षा मोलाची आहेत. मी स्वतः या वेळी काहीही उत्तर देत नाही.

मग गोटा हळूहळू खाली सोडा. निम्मा बुडाला की हात स्थिर धरा, पाणी शांत होऊ द्या, आणि दोन मुलांना एकाच वेळी मोठ्याने आकडे वाचायला सांगा: एकाने वरचा, दुसऱ्याने खालचा. समजा वर ४४०, खाली १३५०. पूर्ण बुडवा: वर ३४०, खाली १४५०. वर २०० ग्रॅम कमी झाले, खाली बरोबर २०० वाढले. गोटा अजून खोल न्या, पण तळाला लावू नका. आकडे बदलत नाहीत. शेवटी तळावर टेकवून तंगूस सैल सोडा: वर शून्य, खाली १७९०.

ज्या मुलाने काटा हलणारच नाही असं लिहिलं होतं त्यालाच पुढे बोलवा आणि प्रत्येक जोडीची बेरीज करायला सांगा. ५४० आणि १२५०, ४४० आणि १३५०, ३४० आणि १४५०, शून्य आणि १७९०. प्रत्येक वेळी बेरीज १७९०. वरून गेलेला एकही ग्रॅम हरवलेला नाही.

ताणकाट्यावर दहा ग्रॅमच्या खुणा असतील तर पाच-सात ग्रॅमचा फरक पडणार आणि तो पडू द्यावा. आकडे ओढूनताणून जुळवू नका. खुणांमध्ये किती अंतर आहे ते दाखवा आणि यापेक्षा बारीक आपल्याला वाचता येत नाही, हे सांगून मोकळे व्हा.

हे समजावायचं कसं

फळ्यावर दोन वेगवेगळी चित्रं काढा. एका चित्रात फक्त गोटा, दुसऱ्यात फक्त बरणी आणि पाणी. गोट्याच्या चित्रात पाण्याने गोट्याला वर ढकलणारा बाण काढा: हे प्लावक बल, २०० ग्रॅम वजनाइतकं, म्हणजे ०.२ गुणिले ९.८, साधारण १.९६ न्यूटन. पाण्याच्या चित्रात गोट्याने पाण्याला खाली ढकलणारा बाण काढा, तोही १.९६ न्यूटन. पहिला बाण ताणकाट्याने दाखवला, दुसरा वजनकाट्याने. काटा ग्रॅममध्ये बोलत असला तरी मोजतो ते बलच, हे इथेच सांगून टाका.

मग मुलांकडून प्रत्येक बलाचं वाक्य ‘कोण, कोणाला’ या साच्यात म्हणून घ्या. पाणी गोट्याला वर ढकलतं. गोटा पाण्याला खाली ढकलतो. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल झाली, दिशा उलटली, बाकी काही बदललं नाही, तर ती जोडी खरी. या कसोटीवर पुस्तकांत आणि गाइडांत सर्रास आढळणारी एक चूक लगेच पकडता येते. टेबलावर ठेवलेल्या वहीचं वजन ही क्रिया आणि टेबलाने वहीला वर ढकलणं ही प्रतिक्रिया, असं लिहिलेलं असतं. साच्यात घालून बघा. पृथ्वी वहीला ओढते. टेबल वहीला ढकलतं. इथे तिसरीच वस्तू मध्ये आली आणि दोन्ही बलं एकाच वहीवर आहेत. ही दोन बलं समान आहेत ती वही स्थिर आहे म्हणून, तिसऱ्या नियमामुळे नव्हे. लिफ्ट वर जायला लागली की ती समान राहत नाहीत. खऱ्या जोड्या दोन आहेत: पृथ्वी वहीला ओढते आणि वही पृथ्वीला ओढते, टेबल वहीला ढकलतं आणि वही टेबलाला ढकलते.

नारळाचा प्रश्न आता परत घ्यायला हरकत नाही. सोडणासकट दीड किलोच्या नारळाला पृथ्वी साधारण १५ न्यूटन बलाने ओढते, तर नारळ पृथ्वीला तेवढ्याच १५ न्यूटननी. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ × १०^२४ किलोग्रॅम. भागाकार केला की पृथ्वीचं त्वरण दशांशचिन्हानंतर २३ शून्यं आणि मग २५ इतकं (मीटर प्रति सेकंद वर्ग) निघतं. बल समान असून हालचाल का दिसत नाही, ते या भागाकारातून कळतं. ‘समान आणि विरुद्ध असतील तर एकमेकांना खोडून का टाकत नाहीत?’ हा प्रश्न येईलच. खोडायला दोन्ही बलं एकाच वस्तूवर हवीत, आणि ती तशी नाहीत, हे दोन चित्रांकडे बोट दाखवून सांगा.

एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, पाण्याची पातळी वर चढली म्हणून तळावरचा दाब वाढला आणि म्हणून काटा वाढला. तिचं म्हणणं बरोबर आहे, ती दुसऱ्या वाटेने त्याच जागी आली. सरळ भिंतींच्या बरणीत पातळी किती चढली ते मोजून, तळाच्या क्षेत्रफळाने गुणून तिला घनफळ काढू द्या. ते २०० घनसेंटिमीटरच्या जवळ येईल.

ताणकाटा नसेल तर एवढंच करा: काट्यावरच्या पाण्यात प्रत्येक मुलाने तर्जनी दोन पेरं बुडवायची, बरणीला न लावता. आकडा काही ग्रॅम वाढतो. बोटाला काहीही जाणवत नाही, तरी आपण पाण्याला ढकललं हे काटा सांगतो.

खारं पाणी आणि मिठागर

हा भाग मला सर्वांत आवडतो आणि आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांना तो सहज जमण्यासारखा आहे. समुद्राच्या पाण्याची घनता दर मिलिलिटरला साधारण १.०२५ ग्रॅम असते. आपला २०० घनसेंटिमीटरचा गोटा त्यात बुडवला तर वर २०० ऐवजी २०५ ग्रॅम कमी होतील आणि खाली २०५ वाढतील. पाच ग्रॅमचा हा फरक ताणकाट्यावर नीट वाचता येणार नाही, वजनकाट्यावर स्वच्छ दिसेल. समुद्र लांब असेल तर एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. मांडवीच्या मुखाजवळचं पाणी आणायचं असेल तर ते एप्रिल-मेमध्ये आणा. पावसाळ्यात नदी इतकं गोडं पाणी आणते की खारेपणा फार उतरतो आणि फरक मिळत नाही. तसा तो मिळत नाही हेही जुलैत मुलांना दाखवण्यासारखं आहे.

त्याहून ठळक फरक हवा असेल तर मिठागरातलं पाणी घ्या. आगरवाड्यासारख्या गावातली मुलं उन्हाळ्यात ते सहज आणू शकतात. मीठ धरायला लागलेल्या वाफ्यातल्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. वर्गात करायचं तर लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम जाडं मीठ ढवळा, सगळं विरघळायला वेळ लागतो. आता तोच गोटा बुडवा: वर साधारण ३००, म्हणजे २४० ग्रॅमची घट, आणि खाली २४० ग्रॅमची वाढ. पाणी बदललं, बलाचा आकडा बदलला, पण जोडीतली दोन्ही बलं बरोबरीनेच बदलली. एकाने वाढायचं ठरवलं आणि दुसरं मागे राहिलं, असं कधीच होत नाही.

शेवटी तो चिऱ्याचा तुकडा गोड्या पाण्यात सोडा. बुडबुडे निघत असताना वरचा आकडा हळूहळू वाढत जाईल, कारण छिद्रांत पाणी शिरल्यामुळे चिरा कमी पाणी बाजूला सारतो. खालचा आकडा त्याच चालीने कमी होत जाईल. मिनिटा-मिनिटाला दोन्ही लिहून घ्या आणि बेरीज करा. बलं सारखी बदलत असतानाही जोडी तुटत नाही, हे यातून दिसतं. प्रतिक्रिया थोडी नंतर येते असा मुलांचा समज असतो, तोही इथेच सुटतो.

दोन करवंट्या आणि एक लोहचुंबक

न्यूटनने १६८७ साली हा नियम मांडला तेव्हा त्याने स्वतः केलेल्या एका प्रयोगाचं वर्णन दिलं आहे. लोहचुंबक आणि लोखंड वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून त्याने ती स्थिर पाण्यावर तरंगत सोडली. दोन्ही जवळ येऊन एकमेकांना टेकली आणि कोणीच कोणाला पुढे न रेटता थांबली.

आपल्याकडे यासाठी दोन स्वच्छ करवंट्या आणि मोठी परात पुरे. एकीत चुंबक, दुसरीत तेवढ्याच वजनाचे खिळे. वीतभर अंतरावर दोन्ही धरा, पाणी शांत होऊ द्या, पंखा बंद करा, आणि एकदम सोडा. अंतर फार झालं तर हालचाल होणार नाही, तेव्हा आधी एकट्याने करून आपल्या चुंबकाचा पल्ला बघून ठेवा. आधी एक करवंटी हाताने धरून दुसरी सोडा, मग उलट करा. खिळे चुंबकाकडे येतात हे मुलांना अपेक्षितच असतं. चुंबक खिळ्यांकडे येतो तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत.

फुगा सर्वांत शेवटी

आता फुगा सोडा. तंगूस दोन खिडक्यांच्या गजांमध्ये ताणून बांधा, बांधण्याआधी तिच्यात स्ट्रॉ ओवा, लांबट फुगा चिकटपट्टीने स्ट्रॉला लावा. पावसाळ्यात दमट हवेमुळे पट्टी सुटते, फुगा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तोंड सोडलं की फुगा आतल्या हवेला मागे ढकलतो आणि ती हवा फुग्याला पुढे.

इथे एक चूक मुळातच खुडून टाका. फुगा बाहेरच्या हवेला ढकलून पुढे जातो असं पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटतं. १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने संपादकीय लिहून रॉबर्ट गोडार्ड या रॉकेट-संशोधकाची हेटाळणी केली होती की पोकळीत ढकलायला काही नसताना रॉकेट चालेल कसं. १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, त्याच वृत्तपत्राने आपली चूक छापून दुरुस्त केली. रॉकेट ढकलतं ते स्वतःतूनच बाहेर पडणाऱ्या वायूला. चोडणच्या फेरीबोटीतून येणाऱ्या मुलांना मात्र दुसरा प्रकार रोज दिसतो: तिथे पंखा बाहेरच्या पाण्याला मागे लोटतो, फेसाळ पाणी मागे जाताना दिसतं, आणि ते पाणी बोटीला पुढे लोटतं. जोडीतली दुसरी वस्तू कोणती, हे प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या.

घरी सोडवायला

दोन प्रश्न द्या. पहिला: वजनकाट्यावर पाण्याची बादली आहे आणि तिच्यात जिवंत मासा मधोमध संथ तरंगतो, तळाला लागत नाही, काटा त्याचं वजन दाखवील का? दाखवील, पूर्ण दाखवील, कारण पाणी त्याला जेवढं वर उचलून धरतं तेवढंच तो पाण्याला खाली दाबतो. दुसरा: तोच ५४० ग्रॅमचा गोटा काढून तेवढ्याच आकाराचा लाकडी ठोकळा बोटाने दाबून पाण्याखाली धरला, तर काटा किती वाढेल? पुन्हा २०० ग्रॅमच. इथे ताणकाट्याचं काम आपलं बोट करतं, आणि ते वर ओढण्याऐवजी खाली दाबतं. हे उत्तर ज्याला कारणासह लिहिता येईल, त्याच्याकडून नियम पाठ म्हणून घ्यायची गरज नाही.

खाऱ्या पाण्याचा प्रयोग झाल्यावर ताणकाट्याचा हुक गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचं एक बोट लावून ठेवा. आपल्या हवेत तो आठवडाभरात गंजतो. वजनकाट्याचे सेलही काढून ठेवा.